बरणीचं रबर

पास झाली तर पोर इथे राहील, नापास झाली तर फेब्रुवारीत ॲडिलेडला वसतिगृहात जाईल. मिसेस ओकडेनच्या पत्रात कामाचं एवढंच वाक्य होतं. उरलेली तीन पानं नुसती झालर. मेरिन तिची नात, गेलेल्या मुलीची मुलगी. गेलेली म्हणजे मेलेली नव्हे, पर्थला विमा विकणाऱ्या एका माणसाबरोबर गेलेली. त्याला तीन वर्षं झाली होती.

मेरिनला सहावीत इंग्रजीत एकतीस गुण होते. यंदा सातवी.

तिचा बाप कीथ टॅरंट आमच्या मुलगारा कुरणाचा मॅनेजर. त्यानं ते पत्र मला वाचून दाखवलं, घडी करून टोपीत घातलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "बघू."

साल १९७४. मुलगाराच्या चुलीपाशी माझं तिसावं वर्ष चाललं होतं. कीथ एकोणीस वर्षांचा पोरगेला गुराखी म्हणून आला तेव्हा त्याच्या हाताच्या फोडांना मीच चरबी चोळली होती. म्हणून मी त्याला बॉस म्हणते आणि अरे-तुरे करते. ज्याला हे खटकतं त्यानं स्वतःचा स्वयंपाक स्वतः करावा.

पोरीला जाऊ द्यायची माझी इच्छा नव्हती. हे मी आडवळणानं सांगणार नाही. मी सहा वर्षांची असताना सरकारी ट्रक आला आणि आम्हा काळ्यांची, इथल्या मूळ लोकांची, चार पोरं उचलून पाद्र्यांच्या मिशनमध्ये घेऊन गेला. माझी आई ट्रकमागे किती लांब धावली ते मला माहीत नाही, कारण धुळीतून दिसत नव्हतं. मोटारीत बसून पैसेवाल्या आजीकडे जाणं वेगळं, हे मला कुणी शिकवू नये. पण दारात उभं राहून धूळ बघणाऱ्या माणसाला दोन्हीकडची धूळ सारखीच दिसते, आणि या खेपेला दारात मी असणार होते.

आई गेल्यापासून मेरिनच्या अभ्यासावर देखरेख माझी. आमच्याकडे शाळा रेडिओवर भरते. सगळे तिला हवेतली शाळा म्हणतात. रोज सकाळी अर्धा तास टिल्बरी बाई सहाशे किलोमीटरवरून बोलतात आणि अकरा कुरणांवरची पोरं आपापल्या स्वयंपाकघरात माईक धरून उत्तरं देतात. बाकीचा अभ्यास टपालाच्या ट्रकनं येतो, पंधरवड्यातून एकदा. देखरेख करणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'शिक्षण' समोर मी 'तिसरी' असं लिहिलं होतं. फॉर्म परत आला नाही, म्हणजे कुणी तो वाचलाच नाही. मिशनमध्ये तिसरीनंतर आम्हाला धुण्याच्या हौदावर पाठवायचे. पुढचं मी पिठाच्या डब्यांवरून, भिंतीला चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून आणि मग मेरिनच्या कागदांवरून शिकले. चौथीपासून आम्ही दोघी एकाच वर्गात आहोत. गणितात ती पुढे, बाकी सगळ्यात मी.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी टिल्बरी बाईंनी अर्ध्या तासात नाम, क्रियापद, विशेषण यांची उजळणी घेतली आणि वर सहा अलंकारांची नावं सांगितली. निम्मी नावं खरखरीनं खाल्ली. मेरिननं पाठाच्या शेवटी आपला निबंध वाचला, रेडिओपासून उठली, माझ्या टेबलाशी आली आणि पिठात कपाळ टेकून बसली.

"मी ॲडिलेडला जाणार, डल्सी," ती म्हणाली.

"आधी कपाळ काढ पिठातून. पाव करायचाय मला, पोर नाही."

"मला एक शब्द कळला नाही. रूपक म्हणजे काय? न्यूनोक्ती म्हणजे काय? बाई म्हणाल्या पुस्तकात बघा. पुस्तकात लिहिलंय, 'दोन भिन्न वस्तूंतील अभेद'. अभेद म्हणजे काय?"

मला राग आला. त्या पोरीचा नाही. ज्यानं कुणी ते पुस्तक लिहिलं त्याचा. हे लोक आधी तुमच्याच तोंडातला घास काढतात, त्याला एक अवघड नाव देतात आणि मग ते नाव येत नाही म्हणून तुम्हाला अडाणी ठरवतात.

"कागद आण तो," मी म्हणाले. "दिवसभर हेच तर बोलत असतो आपण. नुसती नावं त्यांची आहेत."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा माईक असा की बटन दाबलेलं असेल तोवर तुमचं बोलणं जातं आणि तोवर तुम्हाला दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येत नाही. निबंध वाचताना मेरिनला वही धरायला दोन्ही हात लागायचे. म्हणून ती मुरंब्याच्या बरणीचं लाल रबर बटनावर चढवून ठेवायची. वाचून झालं की काढायची. त्या दिवशी ती थेट पिठात येऊन पडली. रेडिओवर एक तांबडा दिवाही असतो, बोलणं चालू असलं की लागतो. त्याच्यावर मी ताटं पुसायचं फडकं वाळत घातलं होतं.

हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्यापुरतं स्वयंपाकघरात आम्ही दोघी होतो, कुत्रा होता आणि पीठ होतं. कीथ गुरं गोळा करायला गेला होता, शुक्रवारी येणार होता.

"नाम," मी म्हणाले. "जे हरवलं तर तू हाका मारशील ते नाम."

"भूक हरवली तर मी हाका मारीन?"

"माझ्या हातचं जेवतेस तोवर मारशील. पुढे चल. क्रियापद म्हणजे जे केल्यावर दमायला होतं ते."

"'आहे' पण क्रियापद आहे. 'आहे'नं कुठे दमायला होतं?"

"जानेवारीत इथे राहून बघ. नुसतं असूनसुद्धा घाम येतो. आता विशेषण. तुझी आजी प्रत्येक गोष्टीच्या आधी जे लावते ते. भयाण ऊन. बिचारी पोर. अशिक्षित बाई."

"अशिक्षित बाई कोण?"

"जिच्या पिठात तुझं डोकं होतं ती."

ती हसली. हसली की तिला शिकवता येतं. मी पीठ मळत राहिले आणि बोलत राहिले.

"उपमा. एक गोष्ट दुसरीसारखी आहे म्हणून सांगायचं. तुझा बाप 'बघू' म्हणतो ना, ते आपल्या नदीसारखं आहे. नकाशात दर वर्षी निळी, पाणी सात वर्षांतून एकदा."

"आणि रूपक?"

"त्यातलं 'सारखं' काढून टाक. धीट हो. तुझी आजी काटेरी तारेसारखी आहे, असं म्हणू नकोस. तुझी आजी म्हणजे मोत्यांची माळ घातलेली काटेरी तार. झालं रूपक. दोघींत काही फरकच ठेवला नाही, तोच तुझा अभेद."

मेरिन वहीत भराभरा लिहीत होती.

"चेतनगुणोक्ती," ती कागदावरून वाचून म्हणाली. "ही तर मला बोलताही येत नाही."

"निर्जीव वस्तू माणसासारखी वागायला लागली की ती. आपला जनरेटर रुसतो. वारा दाराशी येऊन, मीठ आहे का, म्हणून विचारतो आणि जायचं नाव घेत नाही."

"अतिशयोक्ती मला येते. कुराबेलच्या व्हेरा क्लॅन्सीचा केक."

कुराबेल म्हणजे आमचा शेजार, नव्वद किलोमीटरवर. व्हेरा १९६१ पासून सगळ्यांना सांगते की तिचा केक इतका हलका होतो की एकदा ताटलीतून उडून गेला.

"बरोबर," मी म्हणाले. "मी खाल्लाय तो केक. त्याला उडवायचं तर गोफण लागेल."

पुढचा शब्द होता उपरोध. मी जरा थांबले. मग म्हटलं, ही पोर बारा वर्षांची आहे, माझ्या हाताखाली वाढली आहे, हिला खोटं उदाहरण का द्यायचं?

"मिशनमध्ये मला आईपासून तोडून नेलं," मी म्हणाले. "लिहायला शिकल्यावर त्यांनी आम्हाला पहिला निबंध दिला. विषय होता, 'माझे घर'. हा उपरोध."

मेरिननं पेन्सिल खाली ठेवली. "तू काय लिहिलंस?"

"'आमच्या घरी झोपायची खोली मोठी आहे, तिच्यात चाळीस मुली झोपतात.' दहापैकी आठ मिळाले. लिही. पेन्सिल उचल."

शेवटचा राहिला. न्यूनोक्ती.

"ही अतिशयोक्तीची उलटी. आहे डोंगराएवढं आणि सांगायचं राईएवढं. तुझी आई गेली त्या दिवशी तुझा बाप काय बोलला, आठवतंय?"

"'जरा शांत वाटतंय', म्हणाला."

"ती न्यूनोक्ती. तीन वर्षं झाली, रोज सकाळी तो दोन कपांत चहा ओततो. मग त्याच्या लक्षात येतं. मग दुसरा कप तो पायरीवरून खाली ओतून देतो आणि म्हणतो, आज जरा जास्त झाला. तुझ्या बापाला अख्ख्या व्याकरणातली एवढी एकच गोष्ट येते, आणि ती तो सगळ्यांत चांगली करतो."

मेरिननं दाराबाहेर पायरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, तो गुलाबाला घालतो. पायरीखालच्या."

"गुलाब मेला की त्या चहानं."

पाव ताटावर ठेवून मी झाकायला फडकं मागितलं. मेरिननं रेडिओवरचं फडकं ओढलं आणि ती तिथेच उभी राहिली.

"डल्सी," ती म्हणाली. "तांबडा दिवा."

तिनं बटनावरचं रबर काढलं. क्षणभर नुसती खरखर. मग रेडिओच्या तळावर लाइन सांभाळणाऱ्या लेसचा आवाज, ओरडून ओरडून बसलेला: "मुलगारा, बटन सोडा. मुलगारा, देवाच्यान, बटन सोडा."

"सोडलं," मी म्हणाले.

"चाळीस मिनिटं," लेस म्हणाला. "चाळीस मिनिटं लाइन अडवली तुम्ही. याच लाइनवर डॉक्टरांचं विमान बोलावतात, माहीत आहे ना? कुणी मेलं असतं तर?"

सुदैवानं त्या चाळीस मिनिटांत कुणाला काही झालं नव्हतं. लेसनं नोंद केली, पुन्हा झालं तर परवाना जाईल म्हणून सांगितलं आणि तो गप्प झाला. मग इतकी शांतता पसरली की चारशे किलोमीटरच्या टापूतली सगळी स्वयंपाकघरं श्वास धरून बसलेली मला ऐकू येत होती.

मग व्हेरा क्लॅन्सी बोलली.

"केक उडतो, डल्सी. ये परवा, दाखवते."

"व्हेरा, मी..."

"गोफण तू आण."

कुणीतरी हसलं, मग दुसऱ्या कुरणावरून कुणीतरी. मी माईक तोंडाजवळ धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सगळ्या गोऱ्या बायकांना विनंती केली. "जे झालं ते झालं. कीथला कळू देऊ नका. ते कपांचं तर नकोच."

व्हेराच म्हणाली, "कोण कीथ?"

आणि त्यांनी शब्द पाळला. आमच्याकडे संध्याकाळी बायकांचा गप्पांचा तास असतो, त्याला गलाह पाखरांचा तास म्हणतात, कारण ती पाखरंही अशीच कलकलतात. त्या तासाला गुपित आठ दिवस टिकल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. हे दहा आठवडे टिकलं. कीथ स्वयंपाकघरात असला की सगळ्या जणी पावसाबद्दल बोलायच्या. पाऊस नव्हता तरी.

"या बायकांना झालंय काय?" कीथनं मला एकदा विचारलं.

"सुधारल्या," मी म्हणाले.

नोव्हेंबरात पेपर टपालानं आला. मी नियमाप्रमाणे पाठ करून बटाटे सोलत बसले, मेरिननं दोन तास लिहिलं, मी सही केली, पाकीट चिकटवलं. "आले का सगळे अलंकार?" मी विचारलं. "आले," ती म्हणाली. त्या आठवड्यात मी ओठांतल्या ओठांत गुणगुणत होते असं कीथ म्हणतो. खोटं बोलतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंगणात एक मोटार येऊन थांबली, चाकापासून टपापर्यंत धुळीनं लाल झालेली. आतून टिल्बरी बाई उतरल्या. पाच वर्षं मी त्यांचा आवाज ऐकत होते. वाटायचं चांगल्या उंच असतील. त्या माझ्या खांद्याएवढ्या होत्या आणि दोन दिवस मोटार चालवून त्यांचे पाय लटपटत होते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, पाव आणि काकवी पुढे केली. मेरिन दाराला टेकून उभी राहिली. बाईंनी पर्समधून एक पत्र काढलं.

"शहरातल्या परीक्षा कार्यालयाचं आहे," त्या म्हणाल्या. "सातवीचे चौदा पेपर गेले. अकरा कुरणांवरून. चौदाही पेपरांत उपमेचं उदाहरण एकच आहे."

मला कळलं, तरी मी विचारलं. "कुठलं?"

"कीथची नदी." बाईंनी चष्मा लावला. "नऊ जणांच्या पेपरात मोत्यांची माळ घातलेली तार. बारा जणांचा वारा मीठ मागतो. आणि सहा जणांनी लिहिलंय..." त्या थांबल्या. "कपांचं."

"पण का?" मेरिन म्हणाली. "ते आमचं होतं. त्यांनी का लिहिलं?"

"रेडिओवर आलं म्हणून," बाई म्हणाल्या. "पाठाची वेळ, पाठाची लाइन, पाठाचेच शब्द. पोरांना वाटलं, पाठच चाललाय. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. डल्सी, मी तुम्हाला खरं सांगते, माझ्या पाठाचं त्यांच्या वहीत एक वाक्य नाही."

परीक्षा कार्यालयाचं म्हणणं असं की उत्तरं मोठ्यांनी सांगितली, चौदाही जणांनी कॉपी केली. सगळ्यांना इंग्रजीत नापास करण्यात येत आहे. लेखी खुलासा असेल तर त्याच्यावर संबंधित रेडिओच्या परवानाधारकाची सही लागेल. आणि शेवटी एक ओळ होती: 'कीथ नावाची व्यक्ती कोण, याचाही खुलासा व्हावा.'

परवानाधारक म्हणजे कीथ.

मेरिन दारातून आत आली आणि तिनं माझ्या ॲप्रनचा बंद धरला. चार वर्षांची असताना धरायची तसा.

"एक मार्ग आहे," टिल्बरी बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती उदाहरणं मीच शिकवली, असं मी लिहून देते. मग रेडिओ शाळेचाच ठरतो, माझ्या सहीनं चालेल. मिस्टर टॅरंटना कळायचंही कारण नाही. तुमची नोकरीही..." पुढचं त्यांनी पावाबरोबर गिळलं.

बाई भली. दोन दिवस मोटार हाकत खोटं बोलायला आली होती, तेही माझ्यासाठी. मी मोहात पडले नाही असं म्हणणार नाही. या वयात मुलगारानं काढलं तर मला कोण ठेवणार होतं? पण मग दुसरं काहीतरी डोक्यात चढलं. मी तीस वर्षं पाव भाजले, ते मुलगाराचे पाव झाले. मिशनमध्ये मी शिवलेल्या रजईला बक्षीस मिळालं, ते बक्षीस मॅट्रनबाईच्या नावानं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही शिकवलं होतं, आणि ते चौदा पोरांच्या डोक्यात राहिलं होतं.

"नको," मी म्हणाले. "उदाहरणं माझी आहेत."

कागद घेतला. पेन्सिलीनं लिहिलं. दीड पान झालं. टिल्बरी बाईंनी तीन ठिकाणी स्वल्पविराम दिले, बाकी काही हात लावला नाही.

दहाला कीथ चहाला आला. टोपी खुंटीला लावली, बाईंना नमस्कार केला, किटली उचलली.

"बॉस, बस," मी म्हणाले. "तुला एक वाचून दाखवायचंय. मधे बोलू नकोस. झाल्यावर काढून टाकायचं तर टाक."

तो बसला. मी उभ्यानंच वाचलं. रबर, फडकं, चाळीस मिनिटं. नाम, क्रियापद, विशेषण. नदीपाशी आले तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या. काटेरी तारेपाशी त्यानं खोकला काढला, पण तो खोकला नव्हता. उपरोधापाशी तो टेबलाकडे बघायला लागला. ते त्याला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत त्यानं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

मग शेवटचं. माझा आवाज घसरला म्हणून मी जोरात वाचलं. 'मेरिनचे वडील कीथ टॅरंट रोज सकाळी दोन कपांत चहा ओततात.' आणि वाचता वाचता मी कागदावरून नजर उचलली.

त्याच्या पुढ्यात दोन कप होते. भरलेले. बोलणं ऐकता ऐकता ओतले होते.

त्यानंही ते तेव्हाच पाहिले.

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. मेरिनचा हात माझ्या ॲप्रनच्या बंदावर तसाच. कुत्रा उठला, फिरला, पुन्हा बसला.

"हे सगळ्यांनी ऐकलं?" कीथनं विचारलं.

"अकरा कुरणांनी."

"म्हणून पाऊस," तो म्हणाला.

"म्हणून पाऊस."

तो बराच वेळ त्या दुसऱ्या कपाकडे बघत होता. मग त्यानं तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"बस, डल्सी."

आता लिहिते ते नीट वाचा. तीस वर्षांत मी त्या टेबलाशी बसून चहा प्याले नव्हते. टेबल मी घासायची, त्याच्यावर पीठ मळायची, पण माझा चहा मागच्या ओट्यावर पत्र्याच्या मगातून. कुणी नियम लिहून लावला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. तीन वर्षं तो माणूस रोज एक भरलेला कप मातीत ओतत होता आणि मी त्याच्यापासून दोन पावलांवर उभी होते, आणि तो मला द्यावा हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, याचा मला जास्त राग आहे.

मी बसले. चहात साखर नव्हती. मेरिनची आई तसाच घ्यायची. मी दोन चमचे घातले.

"सात वर्षांतून नाही," कीथ खुलाशावर सही करताना म्हणाला. "पाच वर्षांतून येतं पाणी."

"सात," मेरिन म्हणाली.

"एकोणसत्तरला आलं होतं."

"ते थेंब होते, बाबा."

"कपांचं राहू दे तसंच," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "खोडू नकोस." मग पेन खाली ठेवून टिल्बरी बाईंकडे वळला. "हे त्यांनी मानलं नाही तर?"

"तर चौदाही नापास," बाई म्हणाल्या. "मेरिनसुद्धा."

"बघू," म्हणायला त्यानं तोंड उघडलं. त्याचे ओठ 'ब'वर मिटलेले मी पाहिले. सगळ्यांनी पाहिले. तो तसाच उठला, रेडिओपाशी गेला आणि त्यानं माईक उचलला.

आमच्याकडे तार पाठवायची तर ती रेडिओवर तळाला सांगावी लागते. जिला ऐकायची ती ऐकते, आणि दहाच्या चहाला सगळ्याच ऐकतात.

"लेस, तार घे," कीथ म्हणाला. "मिसेस ओकडेन, ॲडिलेड. लिहून घे. मेरिन इथेच राहील. पास झाली तरी, नापास झाली तरी. तिची शिक्षिका चांगली आहे. कीथ."

"शिक्षिका म्हणजे टिल्बरी बाई?" लेसनं विचारलं. तो प्रत्येक तारेत एक तरी प्रश्न विचारतोच.

"नाही," कीथ म्हणाला. "डल्सी मार्लो. नाव घाल."

त्यानं माईक ठेवला, टोपी घातली आणि तो बाहेर गेला. पायरीपाशी त्या मेलेल्या गुलाबाकडे बघत थोडा थांबला, मग गेला.

निकाल पुढे जानेवारीत आला. परीक्षा कार्यालयानं खुलासा मानला, चौदाही जण पास. मेरिनला अठ्ठावन्न. 'पालकांविषयी अनुचित उदाहरण' म्हणून तिचे दोन गुण कापले होते. तो कागद मी पिठाच्या डब्यावर चिकटवला. पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. त्या दिवशी टेबलाशी आम्ही तिघी होतो, मी, मेरिन आणि टिल्बरी बाई, आणि माझ्या हातात गोऱ्या बाईचा कप होता.

रेडिओ खरखरला. खरखरीतून व्हेरा क्लॅन्सीचा आवाज आला, अगदी हळू, जणू ती याच खोलीत कोपऱ्यात बसली होती.

"डल्सी, अगं, नदीला पाणी आलं की."

मी उठले. माईकच्या बटनावर रबर नाही ना, ते आधी नीट पाहिलं. मगच रडले.